न आवडलेले संगीत



या व्यासपीठावर बोलण्याचे निमंत्रण आले तेव्हा आम्ही कामगार कायद्यांवर बोलावे अशी चालकांची अपेक्षा होती. त्या विषयावर आम्ही वर्षभर बोलतच असतो. गेटवर बोलतो, लेबर कमिशनरच्या कचेरीत बोलतो, आणि जेवताना पानावरही तेच बोलतो अशी घरच्या मंडळींची तक्रार आहे. म्हणून या खेपेस थोडी सवलत मागून घेतली आणि संगीतावर बोलतो असे कळविले. चालकांनी विचारले, "कोणत्या संगीतावर?" आम्ही म्हटले, "आम्हांस न आवडणाऱ्या." ते क्षणभर थबकले. पण सज्जन माणसे. त्यांनी विषय मान्य केला. आता त्याची फळे तुम्हांस तासभर भोगावयाची आहेत.

प्रारंभीच एक खुलासा करतो. आम्ही स्वतःविषयी 'आम्ही' असे म्हणतो त्यात राजेशाही थाट काही नाही. युनियनच्या कामात तीस वर्षे गेली की 'मी' म्हणण्याची सवयच मोडते. 'मी मागणी करतो' म्हणणाऱ्याला मालक चहा पाजून वाटेला लावतो. 'आम्ही मागणी करतो' म्हटले म्हणजे बसावयास खुर्ची मिळते. परंतु आजच्या विषयात या 'आम्ही'चीच पंचाईत आहे. वेतनकराराला बहुमत लागते, संपाला मतदान लागते. पण कानाला काय गोड लागावे याचा ठराव कोणत्या सभेपुढे मांडावयाचा? तो मांडण्याची चूक आम्ही एकदा केली. तीच हकीकत आज सांगावयाची आहे.

विषय आहे रॉक संगीताचा. ज्यांना ते ठाऊक आहे त्यांनी दोन मिनिटे सांभाळून घ्यावे. विजेवर वाजणारी गिटार, खर्जात वाजणारी दुसरी गिटार, हातापायांनी वाजवावयाचा ढोलांचा संच आणि एक गाणारा, एवढा हा संसार. 1960 नंतरच्या पंधरा-वीस वर्षांत इंग्लंड-अमेरिकेत असे अनेक बँड उदयास आले. बीटल्स, रोलिंग स्टोन्स, लेड झेपेलिन, पिंक फ्लॉइड, ब्लॅक सॅबथ, क्वीन, ईगल्स ही त्यांतली मोठी घराणी. पुढे 1980 नंतर अमेरिकेतील काही रेडिओ केंद्रांनी याच जुन्या ध्वनिमुद्रिका पुनःपुन्हा वाजविण्याचा धंदा काढला आणि मालाला नाव दिले 'क्लासिक रॉक', म्हणजे अभिजात रॉक. हे अभिजातपण कोणा विद्यापीठाने बहाल केलेले नाही, ते जाहिराती विकणाऱ्या केंद्रांनी दिले आहे, एवढे ध्यानात ठेवावे. परंतु लोकांना ते पटले हेही खरे. आज आपल्या गावातील कॉलेजची मुले या बँडांची चित्रे छातीवर छापून हिंडतात.

आणि या मंडळींचा आपल्याशी काही संबंधच नाही असेही नाही. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी लहानपणी पाचगणीच्या शाळेत शिकला. बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन जानेवारी 1968 मध्ये मुंबईस आला आणि एच. एम. व्ही.च्या स्टुडिओत आपल्याकडील वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण करून गेला. तेव्हा 'परके आहे म्हणून आवडत नाही' एवढे सांगून आम्हांला सुटका करून घेता येत नाही.

आमचा कान कोठे घडला ते आधी सांगितले पाहिजे. वडील लालबागला गिरणीत होते. चाळीत शनिवारी भजन. एकाने चरण उचलावयाचा आणि बाकीच्यांनी तो झेलावयाचा. गणपतीत शाहीर येत. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी 1944 साली काढलेले लाल बावटा कलापथक आमच्या आजोबांच्या पिढीने ऐकलेले. पण त्याच्या चाली चाळीत मागे राहिल्या होत्या. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो. अडीच लाख माणूस घरी बसला. पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. बिल थकले म्हणून आमच्या खोलीची वीज तोडली गेली, परंतु शनिवारचे भजन चुकले नाही. अंधारात टाळ वाजत, एक म्हातारे गिरणीकामगार चरण उचलीत, आणि दाराबाहेर जिन्यावर बसलेली माणसेसुद्धा तो झेलीत. गाणे म्हणजे शब्द स्पष्ट ऐकू यावा आणि आपणांस त्यात तोंड उघडता यावे, ही आमच्या कानाची व्याख्या त्या अंधारात ठरली. नववीनंतर शाळा सुटली, पिंपरीकडे एका वर्कशॉपमध्ये लागलो, आणि उरलेले शिक्षण सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. कान मात्र तोच राहिला.

या कानाशी आम्ही दोनदा अप्रामाणिक वागलो.

पहिली वेळ मुंबईतली. एका अभ्यासशिबिरानंतर शिकलेल्या कार्यकर्त्यांबरोबर एकाच्या घरी गेलो. मंडळी हुशार, मनाने चांगली. त्यांनी पिंक फ्लॉइडची ध्वनिमुद्रिका लावली आणि सर्वांनी डोळे मिटले. आम्हीही मिटले. संपल्यावर कोणीतरी विचारले, "कसं वाटलं?" आम्ही म्हटले, "जबरदस्त!" वस्तुतः आम्ही शेवटची लोकल किती वाजता सुटते याचा हिशेब करीत होतो. परत येताना त्या 'जबरदस्त'चा आवाज कानात घुमत राहिला, कारण तो ओळखीचा होता. साहेबाने काही विचारले की न समजताही 'होय साहेब' म्हणणाऱ्या कामगाराचा तो आवाज होता. ज्या सवयीविरुद्ध आम्ही सभांतून बोलतो तीच सवय आम्ही एका गाण्यापुढे दाखविली होती.

दुसरी वेळ याच्या उलट, आणि अधिक वाईट. साताठ वर्षांपूर्वी आमच्या युनियनचा वर्धापनदिन होता. एका कारखान्यातली कंत्राटी पोरे, बहुतेक आय. टी. आय. झालेली, विचारावयास आली की शाहिरी कार्यक्रमाबरोबर आमच्यातल्या चौघांचा रॉक बँड वाजला तर चालेल का. आम्ही एकदम 'नाही' म्हटले, आणि तेवढ्यावर न थांबता गेटसभेत तो विषय काढला. हे साम्राज्यवाद्यांचे संगीत, हे नशेबाजांचे संगीत, कामगाराला ते शोभत नाही, असे बरेच बोललो. जुन्या मंडळींनी टाळ्या वाजविल्या. पुढच्या सभेला त्या चाळीस पोरांपैकी सहाजण आले. ज्या कंत्राटी मुलांना युनियनमध्ये आणण्यासाठी आम्ही दोन वर्षे झिजलो होतो, ती आम्ही एका भाषणात गमावली.

त्यानंतर चार महिन्यांनी त्या बँडमधल्या नव्हे, पण त्याच टोळक्यातल्या एका बावीस वर्षांच्या मुलाचा हात पॉवरप्रेसखाली गेला. माल लवकर निघावा म्हणून प्रेसचे संरक्षक कवच काढून ठेवलेले होते. तर्जनी आणि मधले बोट, दोहोंचे शेवटचे पेर गेले. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याच्याजवळ बसून आम्ही अपघाताचा फॉर्म भरीत होतो. आम्हांला भरपाईचा तक्ता पाठ. 1923 च्या कायद्याच्या परिशिष्टात एकेका पेराचा हिशेब दिलेला होता: तर्जनीचे एक पेर गेले तर कमाईची शक्ती 9 टक्के घटली, मधल्याचे गेले तर 7 टक्के. आम्ही ते आकडे त्याला समजावून सांगत होतो आणि तो भिंतीकडे पाहत होता. मध्येच म्हणाला, "अण्णा, टोनी आयोमी माहीत आहे का तुम्हाला?"

आम्ही विचारले, "कुठल्या डिपार्टमेंटचा?"

तो हसला. अपघातानंतर पहिल्यांदा हसला. मग त्याने सांगितले, आणि पुढे आम्ही स्वतः वाचून खात्री करून घेतली, ती हकीकत अशी.

टोनी आयोमी हा इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहराच्या ॲस्टन भागातला, कामगार वस्तीतला मुलगा. 1965 साली, सतराव्या वर्षी, तो पत्र्याच्या कारखान्यात काम करीत होता आणि रात्री गिटार वाजवीत होता. एका बँडबरोबर परदेशी दौऱ्यावर जाण्याची संधी आली म्हणून त्याने नोकरी सोडली. तो कामाचा शेवटचा दिवस. दुपारी जेवावयास घरी आला तेव्हा परत जाऊच नये असे त्याच्या मनात होते. पण आई म्हणाली, काम नीट पुरे करून ये. तो परत गेला. प्रेसवर नेहमी काम करणारी व्यक्ती त्या दिवशी आली नव्हती, म्हणून सवय नसताना त्याला तेथे उभे केले. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे आणि अनामिकेचे शेंडे गेले. तो डावखुरा होता, म्हणजे तारा दाबावयाचा हात नेमका तोच. डॉक्टरांनी सांगितले, वाजविणे विसर. तेव्हा कारखान्याच्या मॅनेजरने त्याला जँगो रेनहार्ट या वादकाची ध्वनिमुद्रिका आणून दिली. रेनहार्टचा हात 1928 साली आगीत भाजून त्याची दोन बोटे निकामी झाली होती आणि तरीही तो थोर गिटारवादक झाला होता. आयोमीने भांडी घासण्याच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, त्यांवर चामडे चिकटविले, हलक्या तारा लावल्या, आणि पुढे बोटांना ताण कमी पडावा म्हणून तारा सैल करून खालच्या स्वरात लावल्या. ब्लॅक सॅबथचा तो जड, काळोखा आवाज, ज्याला पुढे जगाने 'हेवी मेटल' म्हटले, तो काही अंशी त्या पत्र्याच्या कारखान्यातील अपघातातून आला. वाजविण्याची शक्ती किती टक्के घटते याचा रकाना आमच्या तक्त्यात कधीच नव्हता.

ज्या संगीताला आम्ही गेटवर नशेबाजांचे म्हटले होते ते एका प्रेसवर बोटे गेलेल्या पोराचे होते. आम्ही त्या रात्री घरी आलो, दार लावले, शेजाऱ्यांस उपद्रव नको म्हणून कानाला हेडफोन लावला आणि 1970 सालची त्या बँडची पहिली ध्वनिमुद्रिका शेवटपर्यंत ऐकली.

आणि खरे सांगावयाचे तर ती आवडली नाही.

व्याख्यान जुळवून आणावयाचे असते तर येथे आमचे डोळे भरून आले आणि कान उघडले असे सांगितले असते. डोळे भरले, परंतु ते आयोमीच्या हकीकतीने. कान होते तसेच राहिले. त्या मुलाला दुसऱ्या दिवशी तसे सांगितले. तो म्हणाला, "निदान ऐकलंत तरी." मग दर आठवड्याला तो आम्हांस एक नाव लिहून देई आणि आम्ही ते ऐकून अभिप्राय सांगत असू. असे वर्षभर चालले.

त्या वर्षात एक गंमत घडली. न आवडण्याला काही भक्कम कारण मिळावे म्हणून आम्ही या बँडांचा हिशेब तपासावयास लागलो. युनियनवाल्याची खोड! आणि कारणे सापडली. लेड झेपेलिनचे 1969 मधले एक अतिशय गाजलेले गाणे घ्या. त्याचा मोठा भाग विली डिक्सन या शिकागोच्या काळ्या गीतकाराच्या गाण्यातून आलेला होता. ते गाणे मडी वॉटर्सने 1962 मध्ये गायिले होते. डिक्सनने 1985 साली दावा लावला, 1987 साली तडजोड झाली, आणि मग कोठे त्याचे नाव श्रेयात आले. पिंक फ्लॉइडच्या 1979 मधल्या भिंतीच्या गाण्यात लंडनच्या एका शाळेतील 23 मुलांचा आवाज आहे. शाळेला 1000 पौंड मिळाले. 2004 साली त्या मुलांपैकी काहींनी, तेव्हा ती चाळिशीला टेकली होती, आपल्या वाट्यासाठी अर्ज केला. आम्ही मनात म्हटले, सापडले! दुसऱ्याच्या श्रमावर उभा राहिलेला हा धंदा.

परंतु त्याच भिंतीच्या गाण्याविषयी पुढे वाचले. 1980 साली दक्षिण आफ्रिकेतील काळ्या विद्यार्थ्यांनी वर्णद्वेषी शिक्षणाविरुद्ध बहिष्कार पुकारला तेव्हा ते हेच गाणे म्हणत, आणि तेथील सरकारने त्यावर बंदी घातली. आता हा हिशेब कोणत्या खात्यावर लिहावयाचा? आणि मग ध्यानात आले की आम्ही तेच करीत आहोत जे मालकाने केले तर आम्ही कोर्टात जातो. आधी बडतर्फीचा हुकूम काढावयाचा आणि मग आरोपपत्र तयार करावयाचे! गाणे आम्हांस पहिल्या मिनिटालाच आवडले नव्हते. डिक्सनचा दावा आणि मुलांचे पैसे ही नंतर गोळा केलेली कागदपत्रे. डिक्सनवरचा अन्याय खराच होता आणि तो तेवढ्यापुरता बोललाच पाहिजे. पण तो आमच्या नावडीचे कारण नव्हता. उद्या या सर्व बँडांनी पै न पै चुकती केली तरी ते संगीत आम्हांस आवडणार नव्हते.

ही चूक करणारे आम्ही पहिले नव्हे. अमेरिकेत न्यूपोर्ट येथे लोकगीतांचा महोत्सव भरत असे. 25 जुलै 1965 रोजी तेथे बॉब डिलन विजेची गिटार घेऊन उभा राहिला. श्रोत्यांत चळवळीतली, डाव्या विचारांची माणसे पुष्कळ. आरडाओरडा झाला. कामगारांच्या लढ्यांत आयुष्यभर गाणारा पीट सीगर अतिशय संतापला. त्याने पुढे सांगितले की आपला राग विजेच्या गिटारीवर नव्हता, आवाज इतका फाटका येत होता की शब्द कळत नव्हते, यावर होता. आम्हांला ही तक्रार मनापासून पटते. पण पुढच्या मे महिन्यात, 1966 साली, मँचेस्टरच्या सभागृहात एका श्रोत्याने त्याच डिलनला विश्वासघातकी ज्यूडास म्हणून हाक मारली. सीगरने सांगितले ते कानाचे दुखणे होते, आणि मँचेस्टरचे ते आरोपपत्र होते. आणि यातली मौज अशी की न्यूपोर्टला डिलनने सुरुवात ज्या गाण्याने केली ते होते मालकिणीच्या शेतावर यापुढे राबणार नाही असे सांगणाऱ्या मजुराचे गाणे! आमच्यासारख्यांनी त्यातली मागणी ऐकलीच नाही, कारण वाद्य पसंत नव्हते. आमच्या गेटवर तरी दुसरे काय झाले होते?

त्या वर्षभरात एक लाभही झाला. रोलिंग स्टोन्सने आपले नाव मडी वॉटर्सच्या एका गाण्यावरून घेतले असे वाचले, म्हणून त्या माणसाचा शोध घेतला. तो मिसिसिपी राज्यातील कापसाच्या मळ्यावर राबणारा मजूर. 1941 साली ॲलन लोमॅक्स हा संग्राहक तेथे यंत्र घेऊन गेला आणि मळ्यावरच त्याचे गाणे मुद्रित केले. 1943 मध्ये तो शिकागोस गेला; दिवसा कागदाच्या कारखान्यात काम, रात्री गाणे. गुत्त्यांतील गोंगाटात साधी गिटार ऐकू जाईना म्हणून त्याने विजेची घेतली. म्हणजे ती वीज श्रीमंतीचा थाट म्हणून आली नव्हती, गर्दीत आपले म्हणणे ऐकू जावे म्हणून आली होती. हे आम्हांला समजावयास अडचण पडू नये. आम्हीही गेटवर कर्णा लावतोच की. तथापि आम्हांला आवडली ती त्याची 1941 ची मळ्यावरची गाणी. एक गळा, एक गिटार. इंग्रजी फारशी समजत नाही, तरी आम्ही ती पुनःपुन्हा ऐकतो. ज्या कापसाने आमच्या वडिलांच्या फुप्फुसात घर केले तो वेचणाऱ्या माणसांतला हा आवाज, असे मनात येते. हे कारणही कदाचित मागाहून जोडलेले असेल. असो.

तेव्हा ते गाजलेले बँड आम्हांस का आवडत नाहीत? आरोपपत्र बाजूला ठेवून सांगतो. शब्द वाद्यांखाली दबतो. गिटारवाला एकटाच पाच-पाच मिनिटे वाजवितो तेव्हा आम्हांला एकच सभासद सर्व वेळ बोलत असलेल्या सभेची आठवण येते. चरण झेलण्याची जागा सापडत नाही. हजारो माणसे एकत्र येतात, परंतु आम्हांला तेथे एकटे वाटते. ही सारी कारणे आमच्या कानाची आहेत, त्या संगीताचे दोष नव्हेत. त्या मुलाला तेथे एकटे वाटत नाही. उलट त्याला आमचा पोवाडा ऐकताना कंटाळा येतो. म्हणाला, "शब्द भारी आहेत अण्णा, पण सगळं सारखंच वाटतं." आम्हांला राग आला, आणि मग हसू आले, कारण रॉकविषयी आम्ही त्याला अगदी हेच सांगितले होते.

पुढच्या वर्धापनदिनाआधी गेटसभेत आम्ही उभे राहिलो आणि म्हटले, "मागच्या वर्षी आम्ही न ऐकता बोललो ते चुकलो. आता बरेच महिने ऐकले आहे. आवडत नाही. पण ते कामगाराला शोभत नाही हे म्हणणे आम्ही मागे घेतो." पोरे हसली, म्हातारे थोडे रुसले. त्या दिवशी अर्धा तास शाहीर गायिले आणि अर्धा तास त्या चौघांनी वाजविले. आम्ही पहिल्या रांगेत शेवटपर्यंत बसलो. कान दुखले. या वेळी डोळे मिटले नाहीत आणि 'जबरदस्त'ही म्हटले नाही. इतकेच म्हटले की मेहनत दिसते. ती दिसतच होती.

गेलेली सगळी पोरे परत आली असे मात्र नाही. अनेकांची कंत्राटे तोवर संपली होती आणि ती कोठे पांगली याचा पत्ता नाही. त्या एका भाषणाची ती किंमत. ती भरून आलेली नाही, आणि येणारही नाही.

तो मुलगा आज दुसऱ्या कारखान्यात तपासणी खात्यात आहे. 5 जुलै 2025 रोजी ब्लॅक सॅबथच्या मूळच्या चौघांनी बर्मिंगहॅमला, आपल्याच ॲस्टन भागातील मैदानावर, शेवटचा कार्यक्रम केला. त्याचे चित्रण त्याने आम्हांस पाठविले. सतराव्या वर्षी बोटे गेलेला आयोमी सत्त्याहत्तराव्या वर्षी वाजवीत होता. त्याच महिन्याच्या 22 तारखेस त्यांचा गायक ऑझी ऑस्बोर्न वारला. उमेदीच्या काळात कत्तलखान्यात काम केलेला तो माणूस. त्या मुलाचा रात्री फोन आला. फारसे बोलला नाही. आम्हीही त्या गायकाचे गाणे थोर होते असे काही म्हटले नाही. आम्हांला ते वाटत नाही आणि त्याला ते ठाऊक आहे. आम्ही विचारले, "जेवलास का?" म्हणाला, "नाही." आम्ही म्हटले, "ये घरी." तो आला. जेवण झाल्यावर त्याने एक गाणे लावले, आणि आम्ही ते त्याच्याबरोबर ऐकले.

  आवडले नसेल तर बाहेर भेटून तसे सांगावे. आम्हांला ते ऐकण्याची आता सवय झाली आहे.